कॅलेंडलीत अपॉइंटमेंट किती मिनिटांची ठेवावी?

कॅलेंडली म्हणजे लोकांना लिंकवरून तुमची वेळ बुक करू देणारी ऑनलाइन सेवा. तिथे अकाउंट उघडणं, गूगल कॅलेंडर जोडणं, कामाचे तास भरणं हे तुम्ही केलंय असं धरते. ड्युरेशनच्या रकान्यात आकडा भरायला दहा सेकंद लागतात, पण तो आकडा अंदाजाने ठरवू नका. मागच्या दहा मीटिंग्ज खरंच किती वेळ चालल्या ते लिहून काढा. सरासरी धरलीत तर बऱ्याचशा मीटिंग्ज लांबणार. दहापैकी आठ ज्या वेळेत संपल्या, ती वेळ घ्या.

मी करसल्लागार आहे. नुसता फॉर्म 16 असलेल्या पगारदाराचं काम 20 मिनिटांत होतं. शेअर्स किंवा घर विकलेलं असेल, एआयएसमधले (आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक व्यवहारांच्या नोंदीतले) आकडे जुळत नसतील, तर 45 लागतात. म्हणून दोन वेगळे इव्हेंट टाइप (कॅलेंडलीतले मीटिंगचे प्रकार), दोन वेगळ्या लिंक. ‘वेळ क्लायंटलाच निवडू द्या’ हा सल्ला मानू नका. आपल्या कागदांत किती गुंता आहे हे त्याला माहीत नसतं, म्हणूनच तो तुमच्याकडे येतो.

खरी अडचण पुढे आहे: दोन मीटिंग्जच्या मधली वेळ.

टिपणं काढायला 15 मिनिटं हवीत म्हणून मी 45 मिनिटांच्या कामाला 60 लिहायचे. ती 15 मिनिटं कधीच मिळाली नाहीत. समोरच्याला 60 दिसतात, तो 60 मिनिटांचे प्रश्न घेऊन येतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. जुलैमधल्या अशाच एका दिवशी, सकाळपासून खुर्चीतून न उठता, मी एका बाईंच्या घरखरेदीची तारीख चुकीची टिपली. रात्री कागद पुन्हा पाहिले म्हणून सापडलं. तेव्हा ड्युरेशन 45च ठेवा आणि मीटिंगनंतर 15 मिनिटांचा बफर लावा. बफर क्लायंटला दिसत नाही. त्या वेळेत दुसरं कुणी बुक करू शकत नाही, एवढंच.

पण नुसता बफर लावून थांबू नका. मी थांबले होते आणि रोज एक अपॉइंटमेंट हातची जात होती. कारण ‘स्टार्ट टाइम इन्क्रिमेंट्स’, म्हणजे सुरुवातीच्या वेळा किती अंतराने दाखवायच्या. मुळात तिथे 30 मिनिटं असतात. समजा तुम्ही 10 ते 1 बसता. पहिल्याच माणसाने साडेदहा निवडले, तर 10ची जागा गेली, तो बफरसह साडेअकराला सुटला, आणि पुढे 1च्या आत एकच जण मावतो. तीन तासांत दोनच मीटिंग्ज. हे अंतर ड्युरेशन अधिक बफर इतकं, म्हणजे इथे 60 करा. मग 10, 11 आणि 12 एवढ्याच वेळा दिसतात आणि तिघं बसतात. दोन इव्हेंट टाइप असतील तर त्यांचे तासही वेगळे ठेवा. माझ्या 20 मिनिटांच्या मीटिंग्ज दुपारी 4 नंतरच असतात, नाहीतर त्या सकाळच्या रांगेत मध्येच घुसून हाच घोळ करतात.

दिवसाला जास्तीत जास्त किती मीटिंग्ज आणि बुकिंग किमान किती आधी करावं, हेही इव्हेंट टाइपच्या सेटिंग्जमध्येच भरा.

मग ब्राउझरच्या खाजगी विंडोत स्वतःची लिंक उघडा, मधलीच एखादी वेळ बुक करा आणि उरलेल्या वेळा मोजा. आधीच झालेल्या बुकिंगना नवी लांबी आपोआप लागत नाही. त्या लोकांना तुम्हीच फोन करून नवी वेळ सांगा.