जुन्या गाडीत ब्लूटूथ प्लेअर बसवण्याआधी

मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश गाडीत नवा प्लेअर बसवण्यापूर्वी बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडलेले आहे, हे मल्टिमीटरने तपासून घ्यावे. अशा अनेक गाड्यांत धन टोक अर्थ केलेले, म्हणजे बॉडीला जोडलेले असते, तर आजचे प्लेअर ऋण अर्थ गृहीत धरून बनवलेले असतात; त्यामुळे प्लेअरचा धातूचा डबा किंवा ऑक्स वायरची (आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या तारेची) बाहेरची जाळी डॅशबोर्डला नुसती टेकली तरी शॉर्टसर्किट होते. यावर माझ्या मते सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे इनपुट आणि आउटपुट पूर्णपणे वेगळे ठेवणारा आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर. गाडी 6 व्होल्टची असेल, तर तोच 12 व्होल्टपर्यंत दाब वाढवणारा घ्यावा. साधा, स्वस्त कन्व्हर्टर येथे चालत नाही, कारण त्याची ऋण तार आरपार एकच असते.

स्वतंत्र तार ओढून बॅटरीजवळच फ्यूज बसवावा. डायनॅमो (इंजिनावर फिरून वीज बनवणारा जनित्र) आयडलिंगवर फारसा करंट देत नाही, म्हणून नागपुरातल्या सीताबर्डीच्या गर्दीत हेडलाइट चालू असताना मोठा अ‍ॅम्प्लिफायर वाजवू नये. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून येत असेल, तर डायनॅमोच्या जाड आउटपुट टर्मिनलवर सप्रेसर कपॅसिटर (विजेची खरखर शोषणारा भाग) लावावा. डायनॅमोच्याच फील्ड कॉइलच्या बारीक टर्मिनलवर तो कधीही लावू नये.

नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड असह्य तापतो, तेव्हा प्लेअर आसनाखाली ठेवावा. मूळ डॅशबोर्ड कापायची गरजही मग उरत नाही.