आयपी नंबर काढण्याआधी हा प्रश्न नीट विचारा

लेबर कन्सल्टंटकडे नवीन लागलात की पहिलं काम बहुतेक ईएसआयसीचंच, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचंच, हातात येतं. नागपूरजवळच्या हिंगण्याचा नाहीतर बुटीबोरीचा एखादा कॉन्ट्रॅक्टर चाळीस लोकांचे आधार व्हॉट्सॲपवर टाकतो आणि म्हणतो, "मॅडम, आजच सगळ्यांचे आयपी नंबर काढून द्या जी." आयपी नंबर म्हणजे विमा असलेल्या कामगाराचा ईएसआयसी नंबर. २१,००० रुपये पगाराची मर्यादा, कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत चलान, हे तुम्हाला माहीत असेलच. मला बोलायचंय ते ऑनलाइन नोंदणी फॉर्मच्या सुरुवातीच्याच प्रश्नाबद्दल. हा कामगार आधी नोंदलेला आहे का?

माझ्या पहिल्या ऑफिसात सरांनी सांगितलं होतं, "'नो'वर क्लिक कर, पुढे बघू." मी सहा महिने तेच केलं. कामगाराला विचारायचे, "ईएसआयसी आहे का?" तो मान हलवून नाही म्हणायचा, मी नवा नंबर काढायचे.

मग एक दिवस हाउसकीपिंगची एक ताई ऑफिसात आली. सातवा महिना चालू होता. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या पैशांची चौकशी करायला ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात गेली, तर दिवस कमी भरतात म्हणून परत पाठवलं. आधीच्या दोन अंशदान कालावधींत (एक कालावधी सहा महिन्यांचा) मिळून ७० दिवसांचं अंशदान, म्हणजे पगारातून कापलेली वर्गणी, लागतं. मी काढलेल्या नंबरावर तिचे ५८ भरत होते. "पण मॅडम, पैसे तर दर महिन्याला कापले ना जी?" ती पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती. आधी कुठे होतीस असं विचारल्यावर तिने पाकिटातून घड्यांवर फाटायला आलेली पगाराची चिठ्ठी काढली. हिंगण्याच्या एका पॅकिंग युनिटची. कोपऱ्यात निळ्या पेनाने दहा आकडी नंबर लिहिलेला. त्या नंबरावर याच कालावधीतले ४६ दिवस पडून होते. दोन्ही मिळून १०४. माझ्या एका क्लिकने तिचे दिवस दोन ठिकाणी वाटले गेले होते.

ती खोटं बोलली नव्हती. तिला 'ईएसआयसी' हा शब्दच माहीत नव्हता. म्हणून प्रश्न असा विचारा: आधीच्या कामावर पगारातून दवाखान्याचे पैसे कापायचे का? सोमवारी पेठेतल्या कामगार दवाखान्यात कधी गेलात का? फोटो असलेलं कार्ड दिलं होतं का? मी हे विचारायला लागले, तेव्हा 'नाही' म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जण "हो, तसं एक कार्ड घरी आहे" म्हणायला लागले. कार्ड हरवलं असेल तर जुनी पगाराची चिठ्ठी बघा, मोबाइलमधले जुने मेसेज बघा, पीएफच्या पासबुकात आधीच्या कंपनीचं नाव मिळतं का बघा आणि तिथल्या कॉन्ट्रॅक्टरला फोन करा. कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करतो, पण चलानाच्या यादीतून नंबर देतो. जुन्या नंबराला आधार जोडलेलं नसेल तर पोर्टल हा माणूस ओळखेल या भरवशावर राहू नका. नंबर माणसाचा असतो, कंपनीचा नाही. नोकरी बदलली तरी तोच चालतो. जुना नंबर टाकायचा, नव्या नोकरीची तारीख टाकायची, झालं.

आणि चाळीस जणांना स्वतःचा किंवा सुपरवायझरचा मोबाइल नंबर लावणं बंद करा. हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. काम लवकर उरकतं, पण कामगाराला पुढे एकही मेसेज येत नाही, आणि नंबर काय हे विचारायला त्याला पुन्हा तुमच्याकडेच यावं लागतं. ई-पहचान कार्डाची, म्हणजे ईएसआयसीच्या ओळखपत्राची, प्रिंट त्याच्या हातात द्या. दवाखाना निवडताना त्याचं घर विचारा. बुटीबोरीत कामाला असलेली बाई पारडीला राहत असेल, तर तापलेलं पोर घेऊन ती बुटीबोरीला जाणार नाही.

नोंदणीला रुजू झाल्यापासून दहा दिवस असतात. घाई खरी आहे, पण जुना नंबर शोधायला दोन फोन आणि एक दिवस पुरतो. मालक ओरडला तर ओरडू द्या. "पुढे बघू" म्हणणारे सीनियर मात्र त्या पुढच्या दिवशी खुर्चीत नसतात, हे मी पाहिलंय.

तुमच्या हातून असे दोन नंबर आधीच निघाले असतील तर घाबरू नका आणि लपवूही नका. दोन्ही नंबर, आधार आणि मालकाचं पत्र घेऊन शाखा कार्यालयात नंबर एकत्र करण्याचा अर्ज द्या, पोच घ्या, दर आठवड्याला विचारत राहा. त्या ताईसाठी मी पाच चकरा मारल्या. पैसे मिळाले, पण मुलगी तेव्हा तीन महिन्यांची झाली होती.