ग्राहकांचा बहिष्कार : पुकारण्याआधी काय करावे, पुकारल्यावर कसा टिकवावा

एखाद्या कंपनीने ग्राहकांना गृहीत धरलं की "यांचा माल घेणंच बंद करा" म्हणणारे शंभर जण लगेच भेटतात. महिनाभराने त्यातले किती जण खरोखर थांबलेले असतात, हे कंपनीला चांगलं ठाऊक असतं. म्हणून तर ती निवांत असते. खरी मेहनत बहिष्कार जाहीर करण्याआधीच करावी लागते.

मागणी एका वाक्यात लिहा

"कंपनीने ग्राहकांचा मान राखावा" ही मागणी नव्हे, नुसती तक्रार झाली. "रद्द केलेल्या ऑर्डरचे पैसे सात दिवसांत परत मिळावेत आणि हा नियम बिलावर छापावा" ही मागणी. पुरी झाली की नाही, हे कुणीही बिल हातात घेऊन सांगेल. मागण्या दोन-तीनच ठेवा. आठ-दहा झाल्या की कंपनी त्यातली सगळ्यात स्वस्त मान्य करते आणि बाकीच्यांच्या तोंडाला पानं पुसते.

१९५५ मध्ये अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीय प्रवाशांनी वर्णभेदाच्या वागणुकीवरून बसवर बहिष्कार टाकला, तेव्हाच्या सुरुवातीच्या मागण्या आज वाचल्या तर मवाळ वाटतात: सौजन्याची वागणूक, आधी येईल त्याला आधी जागा आणि कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक. त्यासुद्धा नाकारल्या गेल्या, तेव्हा अडून कोण बसलंय हे सगळ्यांना दिसलं.

पुरावे तपासा, मग कंपनीला लिहा

बिलं, तक्रार क्रमांक, कंपनीची उत्तरं तारखेनिशी एकत्र करा. ऐकीव गोष्ट कितीही चटकदार असली तरी बाजूला ठेवा. १९९५ मध्ये 'ब्रेंट स्पार' हा जुना तेलसाठ्याचा सांगाडा समुद्रात बुडवू नये म्हणून ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेने शेल या तेल कंपनीविरुद्ध मोहीम चालवली. जर्मनीत लोकांनी शेलच्या पंपांकडे पाठ फिरवली आणि कंपनीने बेत सोडला. पण सांगाड्यात किती तेल उरलंय याचा ग्रीनपीसचा अंदाज चुकीचा निघाला आणि जिंकल्यावरही त्यांना माफी मागावी लागली. तुमच्यामागे एवढी मोठी संस्था नसेल, तर एक चुकीचा आकडा तुम्हाला बदनामीच्या दाव्यापर्यंत नेऊ शकतो.

मग मागण्यांचं पत्र मुदत घालून पाठवा आणि पोच जपून ठेवा. बहुतेक कंपन्या गोलमोल उत्तर देतात. तेही जपा, पुढे कामाला येतं.

नेमकं काय घ्यायचं नाही, ते ठरवा

इथे घाई नको. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांच्या मजुरांनी, सेझर चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांच्या संघटनेने, १९६७ मध्ये जिउमारा या एकाच मोठ्या उत्पादकाच्या द्राक्षांवर बहिष्कार पुकारला. त्याने दुसऱ्यांची लेबलं लावून माल विकायला सुरुवात केली. शेवटी कॅलिफोर्नियातली खायची सगळीच द्राक्षं घेऊ नका, असं सांगावं लागलं. गिऱ्हाइकाला लक्षात ठेवायलाही ते सोपं गेलं, आणि १९७० मध्ये उत्पादकांनी करार केले. म्हणून कंपनीची दुसऱ्या नावांनी चालणारी उत्पादनं आधीच शोधा. पण यादी एवढी लांबवू नका, की खरेदीला जाताना कागद सोबत घ्यावा लागेल.

पर्यायाची सोय करा

बहुतेक बहिष्कार इथेच कोलमडतात. राग महिनाभर टिकतो, गरज मात्र रोजची असते. मॉन्टगोमेरीचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. त्यामागे सुमारे तीनशे मोटारींची आखलेली व्यवस्था होती, ठरलेले थांबे होते आणि मैलोन् मैल चालणारी माणसंही होती. तुम्हीही "याऐवजी हे, इथे मिळेल" अशी छोटी यादी द्या. औषध किंवा अपंगत्वासाठीचं साधन असं ज्याला पर्यायच नाही, ते घेणाऱ्याला सूट द्या आणि त्याला टोमणे मारू देऊ नका.

मोजा आणि कळवत राहा

सहभागी होणाऱ्याला नाव विचारण्यापेक्षा एवढंच विचारा: महिन्याला या कंपनीवर किती खर्च करत होता? त्या आकड्यांची बेरीज कंपनीला दर महिन्याला पाठवा. हजार सह्यांपेक्षा ती बेरीज जास्त बोलते. नोंदवहीतले वैयक्तिक तपशील कुणाला दाखवू नका.

काउंटरवरच्या नोकराशी हुज्जत घालायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. धोरण त्याने ठरवलेलं नसतं आणि तुमच्या आरडाओरड्याचा व्हिडिओ मात्र कंपनीच्या हाती लागतो.

थांबवायचा कधी?

बोलणी करायला दोघं-तिघं आधीच नेमा. तोंडी आश्वासनावर उठू नका; लेखी घ्या. आईच्या दुधाऐवजी बाळांना द्यायच्या दूध-पावडरीच्या जाहिरातींवरून नेस्लेविरुद्ध १९७७ मध्ये सुरू झालेला बहिष्कार, कंपनीने अशा पावडरीच्या विक्रीबाबतची जागतिक आरोग्य संघटनेची संहिता पाळायचं कबूल केल्यावर १९८४ मध्ये स्थगित झाला. कबुलीप्रमाणे वागणूक दिसत नाही म्हणून १९८८ मध्ये तो पुन्हा पुकारला गेला. तेव्हा आधी 'स्थगित' म्हणा, 'मागे घेतला' नंतर. स्थगितीच्या निवेदनात तारीख, काय मान्य झालं, काय उरलं आणि सहा महिने लक्ष कोण ठेवणार, एवढं लिहा आणि ज्यांनी ज्यांनी खरेदी थांबवली होती त्या प्रत्येकापर्यंत पोहोचवा.