सरवा ठेवायचा कसा

कापणीच्या सणाला आपण शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये नेतो, मग लिलावात एकेक भोपळा चढ्या भावानं घेतो, छानच आहे ते, पण बायबलमधल्या लेवीयच्या पुस्तकात कापणीबद्दल अजून एक आज्ञा आहे, शेताचे कोपरे झाडून कापू नको, सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं, गरिबाला आणि परक्याला राहू दे. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय त्याच्यावरच उभा आहे, रूथ ही परदेशातून आलेली गरीब विधवा, ती सरवा वेचायला जाते. शेताचा मालक बवाज, त्यानं तर गड्यांना सांगून ठेवलं की पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम ओढून टाका, आणि तिला बोलू नका. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे एफाभर (एफा हे धान्याचं जुनं माप) सातू जमले, तिनं स्वतः वेचलेले, स्वतः झोडलेले.

आमच्या तरुण संघातली पोरं विचारतात की दुसऱ्याला उभं करायचं तर नेमकं करायचं काय. माझं नगर जिल्ह्यात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये नवी तार गुंडाळून द्यायचं, छोटं दुकान आहे, त्याच्यावरूनच सांगतो.

आधी आपल्या कामाचा कोपरा शोधा. कुठलं काम नवख्याच्या हातात देता येईल आणि त्यातून तो खरंच शिकेल? झाडू मारणं आणि चहा आणणं हा कोपरा नव्हे. माझ्याकडे जळालेली मोटर आली की जुनी कॉइल कापून काढायची आणि एका कॉइलला तारेचे किती टर्न, म्हणजे वेढे, आहेत ते मोजून लिहायचं, हे काम मी वस्तीवरच्या एका दहावी नापास पोराला दिलं. पहिल्या आठवड्यात त्यानं टर्न चुकीचे मोजले, मोटर गरम व्हायला लागली, ती तार माझ्या पैशाची गेली. मी ओरडलो नाही, परत शेजारी बसून दोघांनी मोजले. चूक होणारच हे धरून थोडे पैसे बाजूला ठेवाच.

पहिल्या दिवसापासून पैसे द्या, थोडे का होईना. फुकट शिकणाऱ्याला घरचे दोन महिन्यांत ऊस तोडायला घेऊन जातात, मग राग कोणावर काढायचा.

आणि उपासनेला येशील तर शिकवतो, अशी अट चुकूनही घालू नका. रूथ मवाबी होती, म्हणजे मवाब देशातली परकी, बवाजनं तिला वेचायला परवानगी देताना काही अट घातली नाही. कोणी आपणहून विचारलं की तुम्ही हे का करता तर मोकळेपणानं सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साधन दिलं म्हणजे संधी दिली असं होत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीनं एका ताईंना शिलाई मशीन दिली, सहा महिन्यांनी गेलो तर मशीनवर गोधड्यांची घडी होती, कारण आम्हीच सगळे आपापले ब्लाउज दुसरीकडे शिवत होतो. मग पाच घरांनी ठरवलं की फॉल-पिको आणि अस्तराचे ब्लाउज सगळे ताईंकडेच, महिला मंडळानं नाताळचे मुलांचे कपडे दिले, तेव्हा कुठे मशीन चालायला लागली. त्यामुळे मशीनच्या आधी गिऱ्हाईक बघा.

शिकवणंही एकदाच शिबिर आणि सर्टिफिकेट असं नको. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं, गावोगावच्या बायांना, त्यातल्या कित्येक शाळेतही न गेलेल्या, आरोग्याचं काम शिकवलं. त्या बाया दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि परत आपल्या गावात जायच्या. 1979 मध्ये आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण मला मोठा वाटतो तो हा दर आठवड्याचा नेम. पंडिता रमाबाईंनीही 1896-97 च्या दुष्काळातल्या मुलींना केडगावला नुसतं जेवू घातलं नाही, विणकाम शिकवलं, छापखाना त्यांच्या हाती दिला.

बँक खातं, आधारला मोबाइल लिंक, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), ह्या गोष्टींना सोबत जा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. आणि फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, त्या माणसाला गावात मान वर करून फिरायचं असतं.

शेवटी सोडायची वेळ येते, आणि ती जड जाते. आमच्या धंद्यात प्रत्येकाची एक डाटा वही असते, कुठल्या मोटरला तार बसवायच्या खाचा म्हणजे स्लॉट किती, किती टर्न, कुठल्या गेजची म्हणजे जाडीची तार, वीस-वीस वर्षांची कमाई असते ती आणि कोणी कोणाला दाखवत नाही. तो टर्न मोजणारा पोरगा म्हणाला, मामा, मी शेजारच्या गावात दुकान टाकतोय. दोन रात्री मला झोप नाही आली, खोटं कशाला बोलू, माझी निम्मी गिऱ्हाइकं त्याच रस्त्यावरची. तिसऱ्या दिवशी मी वही त्याच्यासमोर ठेवली, रविवारी उपासना झाल्यावर तो दुकानात बसायचा आणि दोनशे पानी नव्या वहीत एकेक ओळ उतरवून घ्यायचा, मी आकडे वाचून दाखवायचो. चार रविवार लागले.