उपवासाचं थालीपीठ कडक होतंय, तुटतंय? या चुका टाळा

तव्यावरून उतरवलेलं गरम थालीपीठ सगळ्यांचंच मऊ असतं. खरी परीक्षा दुपारी एक वाजता, डबा उघडल्यावर. एकादशीला डब्यात दिलेलं थालीपीठ अर्धं परत येतं, कड वाळलेली आणि मधे चिवट, तेव्हा दोष भाजणीला दिला जातो. बहुतेक वेळा भाजणी निर्दोष असते.

मूळ चूक ही की आपण या पिठाला कणकेसारखं वागवतो. गव्हात ग्लूटेन असतं, त्यामुळे कणीक मळावी तशी ती ताणली जाते, धरून राहते. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा यांपैकी कशातच ग्लूटेन नाही. अर्धा तास मळलंत तरी ताण येणार नाही. इथे पकड येते ती पिष्टाची, म्हणजे स्टार्चची, आणि पिष्ट फुलायला ऊब, पाणी आणि वेळ लागतो. नळाचं गार पाणी घालून गोळा जेमतेम जमला की लगेच थापायला घेतला, तर कडा फाटणारच. एक वाटी भाजणीला मी पाऊण वाटीच्या आसपास चांगलं कोमट पाणी घेते, ते थोडं थोडं घालते आणि पीठ झाकून पंधरा मिनिटं ठेवते. या वेळात पीठ पाणी पितं. भिजवताना जरा सैल वाटलेलं पीठ थापायच्या वेळी बरोबर होतं. भिजवतानाच घट्ट असेल, तर थापायच्या वेळी ते कोरडंच पडतं.

भाजणी घरी करत असाल तर एक वाटी साबुदाणा, एक वाटी वरी, एक वाटी राजगिरा, अर्धी वाटी शिंगाड्याचं पीठ आणि दोन चमचे जिरे, हे आमचं प्रमाण. सगळं एकाच कढईत एकदम भाजू नका. राजगिरा क्षणात तडतडतो, साबुदाण्याला मंद आचेवर आठ-दहा मिनिटं लागतात. साबुदाणा हलका होऊन दाताखाली कुरकुरीत फुटला पाहिजे. तो कच्चा राहिला तर थालीपीठ रबरासारखं ओढलं जातं. वरी मात्र तांबूस होऊ देऊ नका. जास्त भाजलेल्या पिठाची पकड कमी होते आणि मागून कडवट चवही येते. शिंगाड्याचं पीठ शेवटी नुसतं गरम करून घ्यायचं.

वरीबद्दल, म्हणजेच भगरीबद्दल, इथेच एक गोष्ट कळकळीने सांगते. नवरात्रात आणि महाशिवरात्रीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे वारंवार येतात. दमट जागी राहिलेल्या भगरीला आणि तिच्या पिठाला बुरशी लागते, आणि ती डोळ्यांना दिसतेच असं नाही. सुटं पीठ आणू नका. पाकीटबंद भगर तारीख बघून घ्या, निवडून, धुऊन, कडक वाळवून मगच भाजा, आणि लागेल तेवढंच दळा. मागच्या श्रावणातली भाजणी या श्रावणात वापरायची नाही. कुबट वास आला तर सरळ टाकून द्या.

आता बटाटा. दुपारपर्यंत मऊपणा टिकवायचा तर एक वाटी भाजणीला एक मध्यम उकडलेला बटाटा हवाच. पण तो सालासकट उकडा आणि पूर्ण निववून किसा. सोलून, चिरून, पाण्यात उकडलेला बटाटा पाणी धरतो, मग पीठ हाताला चिकटतं, आपण वरून भाजणी घालत जातो आणि थालीपीठ जड होतं. काकडी किंवा लाल भोपळा किसून घालणार असाल तर आधी त्याला मीठ लावून पाच मिनिटं ठेवा. सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजवा, कमी पडलं तरच कोमट पाणी घ्या. मीठ घातलेलं असं पीठ तासभर ठेवलं की पातळ होतं, म्हणून दोन वेळचं एकदम भिजवायचं नाही.

भिजवलेल्या साबुदाण्याचं थालीपीठ करणाऱ्यांची चूक वेगळी असते. खिचडीसाठी दाणा मोकळा हवा, थालीपिठासाठी तो बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे. खिचडीतून उरलेला अर्धवट भिजलेला साबुदाणा वापरला तर कडक दाण्यांजवळ थालीपीठ तडकतं, आणि ते दाणे तुपात फुटून अंगावर उडतात. अशा साबुदाण्यावर पाण्याचा एक हबका मारून तासभर झाकून ठेवा. शेंगदाण्याचं कूटही बारीक हवं, पाव वाटीपुरतं. जाडसर कूट खिचडीत छान, इथे प्रत्येक तुकड्यापाशी चीर पडते.

तिखटपणासाठी मिरची आणि जिरं वाटून घाला. मिरचीचे तुकडे थापताना आड येतात. कोथिंबीर, आलं, लाल तिखट उपवासाला चालतं का, हे घरोघरी वेगळं, तेव्हा पाहुण्यांना आधी विचारलेलं बरं.

थापायला ओला, घट्ट पिळलेला सुती रुमाल सगळ्यांत चांगला. केळीचं पान मिळालं तर त्याहून छान. मधे एक आणि भोवती चार भोकं पाडून त्यांत तूप सोडा, त्यामुळे मधला भागही शिजतो. तवा मात्र धुराइतका तापलेला नको. तापल्या तव्यावर खालून लगेच डाग पडतात, आतलं पिष्ट शिजत नाही, आणि तेच थालीपीठ निवल्यावर दगड होतं. मध्यम तापलेला तवा, मंद आच, वर झाकण, तीन-चार मिनिटं. आत कोंडलेली वाफच मऊपणा देते. उलटल्यावर झाकण काढायचं, नाहीतर वरचा खरपूसपणा जातो. पहिली बाजू सुटत नसेल तर उलथनं घुसवू नका. ती शिजली की आपोआप सुटते.

उतरवलेलं थालीपीठ ताटात एकावर एक रचू नका, खालची घामेजतात. जाळीवर दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग कोमट असतानाच सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. पूर्ण निवलं की शिजलेलं पिष्ट पुन्हा आवळतं, त्यामुळे थोडा कडकपणा येणारच. तो तव्यावर जातो: पाण्याचा हात फिरवा, झाकण ठेवून मंद आचेवर मिनिटभर गरम करा. आणि थापता थापता पीठ तुटायला लागलं, तर अजून पीठ न घालता चमचाभर गरम पाणी किंवा, घरात चालत असेल तर, दही घालून पुन्हा दहा मिनिटं झाका.