सड्यावरच्या बेडकाला शास्त्रीय नाव देताना

कोकणात पहिल्या सरींनंतर सड्यांवरच्या (कातळपठारांवरच्या) डबक्यांत, व्हाळांत (ओढ्यांत) आणि भातखाचरांत बेडूक ओरडू लागले की 'हा वेगळाच दिसतोय' असा एखादा फोटो हमखास फिरतो. वेगळा दिसणं आणि नवी जाती असणं यांत बरंच अंतर आहे. नाव ठरवणं हे यातलं सर्वांत शेवटचं आणि सोपं काम. सगळी मेहनत लागते ती या बेडकाला आधीच कुणी नाव दिलेलं नाही, हे दाखवण्यात.

नमुना घेण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी हवी. त्यासाठीचा अर्ज एखाद्या संशोधन संस्थेमार्फत उन्हाळ्याआधीच करा. काही बेडूक पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवसच प्रजननासाठी बाहेर येतात. ते दिवस गेले की वर्ष गेलं.

प्रत्यक्ष जागेवर आधी आवाज टिपा. मायक्रोफोन साधारण एक मीटरवर धरा आणि ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्‌झवर करा. एमपी३ मध्ये आवाजाचे बारकावे गळतात. हवेचं तापमान त्याच वेळी लिहून ठेवा, कारण उष्ण-थंड हवेप्रमाणे हाकेचा वेग बदलतो आणि तापमान नसेल तर दोन ठिकाणच्या हाकांची तुलनाच करता येत नाही. मग जिवंतपणी फोटो काढा: पाठ, पोट, दोन्ही कुशी, मांडीची आतली बाजू, तळवे. पिवळा आणि हिरवा रंग अल्कोहोलमध्ये टिकत नाही.

नमुना घ्यायचाच असेल तर तो वेदना न देता, एमएस-२२२ या भूल देणाऱ्या रसायनाच्या द्रावणात बधिर करून घ्या. फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी मांडीच्या स्नायूचा किंवा यकृताचा छोटा तुकडा शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवा, नाहीतर पुढे डीएनए मिळणं फार कठीण होतं. यानंतर ट्रेमध्ये बोटं एकेक पसरून १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये बेडूक कडक होऊ द्या. ही पायरी घाईत उरकली की बोटं आखडतात आणि मागच्या पायांच्या बोटांमधला पडदा कुठल्या पेरापर्यंत पोचतो ते कायमचं कळेनासं होतं. बेडकांच्या वर्गीकरणात हा पडदा फार महत्त्वाचा. नंतर पाण्याने धुऊन ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. पायाला बांधायची चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

मोजमापं डिजिटल कॅलिपरने घ्या: तुंडापासून (नाकाच्या टोकापासून) गुदद्वारापर्यंतची लांबी, डोक्याची लांबी-रुंदी, डोळ्याचा आणि कर्णपटलाचा व्यास, मांडी, नडगी, पाऊल. सगळी मापं एकाच माणसाने घ्यावीत. पिल्लं यात धरू नका. प्रौढ नर आणि माद्या दोन्ही हव्यात, पण दुर्मीळ बेडकाचे नमुने कमीत कमी घ्यावेत.

आता तुलना. इथेच बहुतेक दावे कोसळतात. भातखाचरातल्या मिनर्व्हारिया बेडकांत पाठीच्या मधोमध फिकट रेघ असलेले आणि नसलेले बेडूक एकाच खाचरात दिसतात. तेवढ्यावरून दोन जाती होत नाहीत. डीएनएमधल्या १६एस या जनुकाच्या तुकड्यात सुमारे तीन टक्के फरक आला तर संशय घ्यायला जागा आहे, पण तो पुरावा नव्हे. शरीररचना आणि हाक यांचीही साथ लागते. शिवाय तुलनेचे नमुने जुन्या जातीच्या मूळ ठिकाणचे, म्हणजे नाव देताना वापरलेला नमुना जिथे मिळाला तिथले असावेत. नावावरून ठिकाण ठरवू नका: राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस या झुडपी बेडकाच्या नावातलं 'बॉम्बेएन्सिस' १९१९ मध्ये दिलं गेलं ते कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधल्या कॅसल रॉकच्या बेडकाला.

खात्री झाली की नाव. आंबोलीचा टोड याचं उत्तम उदाहरण आहे. कुशीवरच्या वाघासारख्या पट्ट्यांमुळे २००९ मध्ये त्याचं नाव झँथोफ्राइने टिगरिना ठेवलं. प्रजातीचं नाव, म्हणजे जोडनावातला पहिला शब्द, स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. त्याचा भाऊबंद कोयनेचा. त्याचं नाव झँथोफ्राइने कोयनायेन्सिस (सोमण, १९६३) असं लिहितात. १९६३ मध्ये त्याला बुफो प्रजातीत ठेवलं होतं, पुढे प्रजाती बदलली, म्हणून मूळ लेखकाचं नाव आणि वर्ष कंसात येतं. टिगरिना पहिल्यापासून याच प्रजातीत असल्याने तिथे कंस नाही. पुरुषाच्या सन्मानार्थ नाव दिलं तर शेवटी 'आय' हे अक्षर लागतं, स्त्रीच्या नावाला 'एई'. स्वतःचं नाव स्वतःच देऊ नये, हा संकेत पाळावा.

१९९९ नंतर दिलेल्या नावासाठी होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्याशी कायमचं जोडलं जातं तो एक नमुना, लेखात स्पष्ट नमूद करावा लागतो. तो कुठल्या संग्रहात आहे तेही लिहावं लागतं. इतर जातींपासून वेगळेपण सांगणारी लक्षणं हवीतच. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी करून तसा पुरावा लेखातच छापा, नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती नियुक्त संस्थेला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. वर्णन छापून येईपर्यंत ते नाव वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ देऊ नका.

मूळ ठिकाण लेखात द्यायला हवं. मात्र एकाच सड्यावर जगणाऱ्या बेडकाच्या बाबतीत त्या सड्यावरच्या बाकी जागांचे अक्षांश-रेखांश दोन दशांश स्थळांपर्यंतच द्या. त्यातून साधारण एक किलोमीटरचा परिसर कळतो, डबकं कळत नाही. अचूक आकडे वनविभागाला आणि संग्रहाला वेगळे पाठवा.