हैतीत सेवेला जाताय? आधी ‘ओने’ म्हणायला शिका

मी परिचारिका. चर्चच्या पथकाबरोबर दक्षिण हैतीत, जाकमेलजवळच्या डोंगरवस्तीवर दोनदा जाऊन आले. पहिल्या दिवशी घाईघाईत मी एका आजींच्या दंडाला थेट रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. त्यांनी तोंड फिरवलं. दुभाष्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, “से (म्हणजे ताई), तुम्ही त्यांना बोंजू नाही म्हणालात.”

म्हणून पहिला धडा हाच. दुपारपर्यंत ‘बोंजू’, त्यानंतर ‘बोंस्वा’. वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला म्हणा, रांगेत बसलेल्या रुग्णांनाही. कुणाच्या लाकूत, म्हणजे नात्यातल्या घरांच्या सामायिक अंगणात, जायचं असेल तर बाहेरच थांबून ‘ओने!’ अशी हाक द्या. त्याचा अर्थ ‘मान’. आतून ‘रेस्पे!’, म्हणजे ‘आदर’, असं उत्तर आलं की मगच पाऊल टाका. दुसऱ्या खेपेला मी तशी हाक दिली, तर त्याच आजी बाही वर सारतच बाहेर आल्या.

मुलं ‘ब्लाँ, ब्लाँ’ ओरडतील. शब्द ‘गोरा’ असा असला तरी अर्थ ‘परदेशी’. माझ्यासारख्या सावळ्या बाईलाही तो लागू पडला. राग मानू नका.

बाजारात भाव नीट समजून घ्या. विक्रेतीनं दहा डॉलर सांगितले तर बहुतेकदा ते हैतीचे डॉलर असतात. एक डॉलर म्हणजे 5 गूर्द (हैतीचं चलन), तेव्हा 50 गूर्द द्यायचे. अशी नोट किंवा नाणं कुठंच नाही, हिशेब फक्त बोलण्यात चालतो.

आता मला सगळ्यात जास्त तळमळीनं सांगायचंय ते. फुकट तांदूळ घेऊन जाऊ नका. पहिल्या खेपेला आम्ही पोती वाटली आणि त्या आठवड्यात वस्तीवरच्या तांदूळवालीकडे कुणी फिरकलंच नाही. तिचा रिकामा बाकडा आठवला की अजून जीव तुटतो. 1995 मध्ये तांदळावरचं आयातशुल्क 3 टक्क्यांवर आलं, अमेरिकेतला स्वस्त तांदूळ आला आणि इथला शेतकरी बुडाला; अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी 2010 मध्ये त्याबद्दल माफीही मागितली. द्यायचंच असेल तर तिथल्याच बायकांकडून विकत घ्या, आणि कुणाला द्यायचं ते तिथल्या पाळकांना ठरवू द्या. गावोगाव माल नेणाऱ्या या बायकांना ‘मादान सारा’ म्हणतात. बाजार त्यांच्याच जिवावर चालतो.

फोटो विचारून काढा. उपासनेला इस्त्रीचे, चांगले कपडे घाला. दोन तास चिखल तुडवत आलेली माणसंसुद्धा दाराशी बूट पुसून आत येतात. राजधानी पोर्त-ओ-प्रँसमध्ये सध्या टोळ्यांचा अंमल आहे, तेव्हा तिथल्या मंडळीनं ‘या’ म्हटल्याशिवाय तिकीट काढू नका.

1 जानेवारीला तिथं असाल तर भोपळ्याचं सूप, ‘सूप जूमू’, तुमच्या हातात येईलच. गुलामीत ते रांधणाऱ्यांना चाखायची बंदी होती. 1804 च्या स्वातंत्र्यापासून ते घरोघरी शिजतं. पोट भरलंय असं सांगू नका. वाटी दोन्ही हातांनी घ्या आणि बसून, सावकाश प्या.